एका हेलपाट्याची किंमत

कायद्याची योग्यता त्यांत सांगितलेल्या शिक्षेवरून ठरविण्याची संवय आपल्या लोकांस फार दिवसांपासून जडली आहे. फांशीची शिक्षा ठेवली कीं कायदा कडक, दंडाची ठेवली कीं सौम्य, असा हिशेब घरोघर चालतो आणि कचेऱ्यांतूनही चालतो. परंतु अनुभव असा आहे कीं, पुष्कळ कायद्यांचा खरा जोर शिक्षेंत नसून, त्यांनीं माणसास करावयास लावलेल्या एखाद्या लहानशा श्रमांत असतो. मोटार चालविण्यापूर्वीं परीक्षा द्यावी लागते. विषारी औषध विकणाऱ्यास घेणाऱ्याचें नांव वहींत टिपावें लागतें. घर विकतांना दोघांस निबंधकापुढें उभें राहावें लागतें. हे श्रम क्षुल्लक दिसतात, त्यांविषयीं कुरकुर करणारे पुष्कळ असतात, आणि ते बंद केल्याशिवाय त्यांचा उपयोग कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अमेरिकेंतील मिसूरी या संस्थानानें २००७ सालीं असा एक हेलपाटा आपल्या नागरिकांस माफ केला. पिस्तूल विकत घेण्यापूर्वीं शेरीफच्या कचेरींत जाऊन परवाना आणण्याचा तो हेलपाटा होता. या माफीची किंमत काय पडली आणि ती कोणी दिली, हें आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

दूरच्या देशांतील पिस्तुलांची ही उठाठेव मराठी वाचकांनीं कां करावी, असें कोणी विचारील. त्यास दोन उत्तरें आहेत. एक असें कीं, महाराष्ट्रांतील हजारों कुटुंबें आज त्या देशांत घरें करून राहिलीं आहेत. त्यांचीं मुलें तेथील शाळांत जातात, आणि शाळेंत कोणी बंदूक घेऊन शिरल्यास कोठें लपावें याची तालीम धड्यांच्या बरोबरीनें घेतात. या कुटुंबांतील पुष्कळ माणसें तेथील नागरिक होऊन मतही देतात. दुसरें उत्तर याहून खोल आहे. हत्यारांच्या परवान्याचें नांव निघतांच आपल्या मनापुढें १८७८ चा हत्यारांचा कायदा उभा राहतो. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत झालेल्या त्या कायद्यानें येथील माणसास परवान्यावांचून हत्यार बाळगण्याची बंदी केली आणि युरोपियनांस त्या बंदींतून मोकळें ठेवलें. तो अपमान आपण अजून विसरलेलों नाहीं. म्हणून परवाना म्हणजे गुलामगिरीची खूण, हें अमेरिकेंतील बंदूकपक्षाचें म्हणणें कानीं पडलें कीं, आमच्यांतील कित्येक सुशिक्षितांसही तें चटकन् पटतें. तें कितपत खरें आहे हें तपासून पाहिल्यावांचून मान डोलविणें शहाणपणाचें नव्हे.

प्रथम त्या देशाची स्थिति पाहूं. अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें हा पन्नास संस्थानांचा संघ आहे. येथें संस्थान म्हणजे राजेरजवाड्यांची गादी असा अर्थ नसून, स्वतःचें कायदेमंडळ, गव्हर्नर आणि न्यायालयें असलेला संघाचा घटक असा अर्थ आहे. राज्यघटनेस १७९१ सालीं जोडलेल्या दुसऱ्या दुरुस्तीनें शस्त्र बाळगण्याचा हक्क लोकांस दिलेला आहे. साऱ्या संघास लागू असा १९९३ चा ब्रॅडी कायदा आहे. त्याअन्वयें परवानेवाल्या दुकानदारानें गिऱ्हाइकाचें पूर्ववृत्त सरकारी दप्तराशीं ताडून पाहिल्याशिवाय त्यास बंदूक देतां येत नाहीं. परंतु जो धंदेवाईक विक्रेता नाहीं, आपल्याजवळचें पिस्तूल ओळखीच्या किंवा अनोळखी माणसास विकून मोकळा होतो, त्याच्यावर या मध्यवर्ती कायद्यानें तशी सक्ति केलेली नाहीं. पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडें, असा हा प्रकार आहे. परसदार लावावें कीं उघडें ठेवावें, हें प्रत्येक संस्थानाच्या मर्जीवर राहिलेलें आहे.

याचा परिणाम आंकड्यांत पाहावा. सन २०२१ या एका वर्षांत त्या देशांत बंदुकीनें ४८,८३० माणसें मेलीं. त्यांपैकीं २०,९५८ जणांचे खून झाले आणि २६,३२८ जणांनीं आपला जीव आपल्या हातानें घेतला. म्हणजे बंदुकीनें होणारीं अर्ध्याहून अधिक मरणें चोर-दरोडेखोरांच्या हातून होत नसून घरांतल्या घरांत, स्वतःच्या हातून होतात. ही गोष्ट आमच्या वाचकांनीं मनांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे. त्याच सालीं मिसिसिपी संस्थानांत दर लाख वस्तीमागें सुमारें ३४ माणसें बंदुकीनें मेलीं, आणि मॅसॅच्युसेट्स संस्थानांत तेंच प्रमाण चारांहूनही कमी होतें. पहिल्या संस्थानांत बंदुकीचे कायदे अगदीं सैल आहेत, दुसऱ्यांत ते देशांतील सर्वांत कडक कायद्यांपैकीं आहेत.

तथापि एवढ्यावरून निकाल देऊन टाकणें हें अन्यायाचें होईल. मिसिसिपी हें गरीब संस्थान, मॅसॅच्युसेट्स हें सधन. एकांत खेडीं फार, दुसऱ्यांत शहरें फार. शिक्षण, दवाखाने, रोजगार, सर्वच बाबतींत दोहोंमध्यें अंतर आहे. दोन निरनिराळ्या घरांतील मुलांची प्रकृति ताडून पाहून एकाच औषधास यश द्यावें, तसा तो प्रकार होईल. खरी कसोटी अशी कीं, संस्थान तेंच, माणसें तींच, पण कायदा मात्र एके दिवशीं बदललेला, अशी जागा शोधावी आणि आधींची व नंतरची स्थिति ताडून पाहावी. सुदैवानें म्हणा वा दुर्दैवानें म्हणा, अशीं दोन संस्थानें अमेरिकेंत आहेत. एकानें परवाना नव्यानें लावला, आणि दुसऱ्यानें असलेला काढून टाकला.

काढून टाकणारें संस्थान मिसूरी. तेथें १९२१ पासून असा कायदा होता कीं, ज्यास पिस्तूल विकत घ्यावयाचें असेल त्यानें स्वतः आपल्या जिल्ह्याच्या शेरीफकडे जावें, आपली ओळख पटवावी, पूर्ववृत्ताची तपासणी होऊं द्यावी, आणि परवाना हातीं पडल्यावरच पिस्तूल घ्यावें. विकणारा दुकानदार असो किंवा शेजारी असो, परवान्यावांचून व्यवहार होत नसे. म्हणजे वर सांगितलेलें परसदार या एका कागदानें लागत असे. शहाऐंशी वर्षें हा क्रम चालला. पुढें मध्यवर्ती तपासणी आलेलीच आहे, मग सज्जन माणसास हा दुहेरी त्रास कशाला, असा सवाल निघाला आणि कायदेमंडळास तो पटला. ता. २८ ऑगस्ट २००७ पासून परवाना रद्द झाला. त्या दिवसापासून दुकानांतील तपासणी तेवढी राहिली. खाजगी विक्रीस कोणाची आडकाठी उरली नाहीं.

नंतर काय झालें? बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विश्वविद्यालयाच्या अभ्यासकांनीं २०१४ सालीं या बदलाचा हिशेब प्रसिद्ध केला. गरिबी, बेकारी, पोलिसांची संख्या, इतर गुन्हे यांचा परिणाम वजा घालून त्यांस असें आढळलें कीं, परवाना गेल्यानंतर मिसूरींत बंदुकीनें होणाऱ्या खुनांचें प्रमाण सुमारें एकचतुर्थांशानें वाढलें. वर्षाकांठीं पन्नास-साठ माणसें अधिक मेलीं, असा त्याचा अर्थ. बंदुकीवांचून होणाऱ्या खुनांत मात्र तशी वाढ दिसली नाहीं. तेव्हां माणसांचीं मनेंच एकाएकीं अधिक क्रूर झालीं असें म्हणण्यास जागा राहत नाहीं. याहून बोलका पुरावा जप्त झालेल्या हत्यारांचा आहे. गुन्ह्यांच्या संबंधांत पोलिसांच्या हातीं लागलेल्या बंदुकांपैकीं मिसूरींतच प्रथम विकल्या गेलेल्यांचा भाग २००६ सालीं अर्ध्याहून थोडा अधिक होता. तो २०१२ पर्यंत तीनचतुर्थांशांच्या जवळ गेला. पूर्वीं गुन्हेगारास पिस्तुलासाठीं परमुलुखाची वाट धरावी लागे; आतां तें घरच्या बाजारांत मिळूं लागलें.

दुसरें संस्थान कनेक्टिकट. तेथें याच्या उलट घडलें. ता. १ ऑक्टोबर १९९५ पासून त्या संस्थानानें पिस्तूल घेणारास परवाना आवश्यक केला, वयाची अट अठरावरून एकवीसवर नेली आणि हत्यार सुरक्षितपणें हाताळण्याचें निदान आठ तासांचें शिक्षण घ्यावयास लावलें. पुढील दहा वर्षांत तेथें बंदुकीनें झालेले खून, कायदा नसता तर जितके झाले असते त्याहून सुमारें चाळीस टक्क्यांनीं कमी झाले, असें २०१५ च्या एका अभ्यासाचें अनुमान आहे. पुढें २०२० सालीं अधिक वर्षें हिशेबांत धरून तेंच गणित पुन्हा मांडण्यांत आलें, तेव्हां कनेक्टिकटमधील घट सुमारें अठ्ठावीस टक्के व मिसूरींतील वाढ सुमारें सत्तेचाळीस टक्के निघाली. बंदुकीनें होणाऱ्या आत्महत्याही एका ठिकाणीं घटल्या आणि दुसऱ्या ठिकाणीं वाढल्या. तराजूचें एक पारडें वर जावें आणि दुसरें खालीं यावें, तशी ही दोन संस्थानांची कथा आहे.

आतां एका कागदानें हें कसें होतें, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचें उत्तर माणसाच्या स्वभावांत आहे. ज्यास कायद्यानें हत्यार घेण्याची मनाई आहे, तो आपल्या मित्रास, भावास किंवा मैत्रिणीस पुढें करून तें मिळवितो. असा बदली गिऱ्हाइक दुकानांत काउंटरापाशीं उभा राहून एका छापील फॉर्मवर सही करतांना फारसा कचरत नाहीं. पण त्यासच शेरीफच्या कचेरींत जा, पोलिसांपुढें बस, बोटांचे ठसे दे असें सांगितलें, म्हणजे त्याचे पाय अडखळतात. जो लबाड दुकानदार डोळे मिटून माल देतो, त्याच्या हातांतून ही तपासणी निघून ज्यास त्या विक्रींत एका पैचाही नफा नाहीं अशा अंमलदाराच्या हातीं जाते. तिसरें असें कीं, यांत वेळ जातो. संतापाच्या भरांत घरांतून निघालेला माणूस दुकानांत जाऊन तासाभरांत पिस्तूल घेऊन परतूं शकतो. परवान्यासाठीं त्यास थांबावें लागलें, तर तेवढ्या अवधींत त्याचा संताप निवूं शकतो.

हें शेवटचें कारण आत्महत्येस विशेष लागू पडतें. येथें कित्येकांचें म्हणणें असें कीं, ज्यास मरावयाचेंच आहे तो बंदूक न मिळाल्यास दुसरा मार्ग शोधील. मग कायद्यानें काय साधलें? हें बोलणें तर्कशुद्ध दिसतें, पण तें खरें नाहीं. आत्महत्येचा विचार पुष्कळदां वादळासारखा येतो आणि वादळासारखाच ओसरतो. त्या घटकेस हाताशीं बंदूक असली, तर दहांपैकीं सुमारें नऊ वेळां मरण येतें. पश्चात्तापास अवसरच राहत नाहीं. उलट, जे एकदां प्रयत्न करून वांचले, त्यांच्याविषयींच्या अभ्यासांवरून असें दिसतें कीं, दहांपैकीं सुमारें नऊ जण पुढें आत्महत्येनें मरत नाहींत. ते जगतात, संसार करतात, म्हातारे होतात. म्हणजे ज्यास आपण मरणाचा निश्चय समजतों, तो बहुतेक वेळां एका घटकेचा अंधार असतो. ती घटका टाळून देणें हें कायद्याचें काम नव्हे, असें ज्यास म्हणावयाचें असेल त्यानें विहिरीला कठडाही बांधूं नये.

या आंकड्यांचें वजन किती, हें प्रामाणिकपणें सांगणें आमचें कर्तव्य आहे. कायदा नसता तर काय झालें असतें, हें कोणीही डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. तें गणितानें काढावें लागतें, आणि गणिताची रीत बदलली कीं आंकडाही थोडाफार हलतो. चाळीसाचे अठ्ठावीस झाले ते असेच. शिवाय परवाना नव्यानें लावणारीं किंवा काढून टाकणारीं संस्थानें थोडीं असल्यानें पुराव्याचा पाया फार रुंद नाहीं, असा आक्षेप कांहीं जाणते लोक घेतात, आणि तो खोटा नाहीं. पण हा पाया अरुंद कां राहिला हेंही त्यांनीं सांगावें. सन १९९६ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें आरोग्यखात्याच्या अंदाजपत्रकांत एक कलम घातलें कीं, या पैशांतून बंदुकीवरील निर्बंधांचा पुरस्कार करूं नये. त्या कलमाच्या धाकानें या विषयावरील सरकारी संशोधन वीस वर्षांहून अधिक काळ जवळजवळ बंद पडलें. २०१९ च्या अखेरीस अडीच कोटी डॉलर मंजूर झाले तेव्हां तें पुन्हां सुरू झालें. दिवा मालवावा आणि मग अंधारांत कांहीं दिसत नाहीं अशी तक्रार करावी, यांतलाच हा प्रकार नव्हे काय?

आतां मुख्य आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, कायदा सज्जनांस बांधतो. दुर्जन त्यास जुमानीत नाहीं. यास मिसूरीच्या जप्त हत्यारांनीं उत्तर दिलेंच आहे. दुर्जनाच्या हातांतील पिस्तूल आकाशांतून पडत नाहीं. तें कारखान्यांत होतें, दुकानांत कायदेशीर विकलें जातें, आणि मग एका हातांतून दुसऱ्या हातांत जातां जातां कायद्याबाहेर जातें. जेथें तें कायद्याबाहेर जातें त्या उंबऱ्यावरच परवाना उभा असतो. तथापि त्याच्यानें सर्व कांहीं होतें असेंही आम्ही म्हणत नाहीं. ज्या कनेक्टिकटची आम्हीं वर प्रशंसा केली, त्याच संस्थानांतील न्यूटाऊन गांवीं १४ डिसेंबर २०१२ रोजीं एका प्राथमिक शाळेंत शिरून एका तरुणानें वीस मुलांस व सहा मोठ्या माणसांस ठार केलें. तीं हत्यारें त्याच्या आईनें कायदेशीर रीतीनें घेतलेलीं होतीं. घेणाऱ्याची परीक्षा झाली होती. पण घरांत आणखी कोण राहतें आणि हत्यार कोठें ठेवलें जातें, हें त्या परीक्षेंत विचारण्यांत आलें नव्हतें. यावरून परवाना व्यर्थ ठरत नाहीं. तो अपुरा ठरतो, आणि घरांत हत्यार कुलपांत ठेवण्याची सक्ति त्याच्या जोडीस हवी, हें सिद्ध होतें.

दुसरा आक्षेप शिकागोच्या नांवानें घेतला जातो. इलिनॉय संस्थानांत १९६८ पासून बंदूक बाळगणारास ओळखपत्र घ्यावें लागतें, तरी शिकागोंत खून होतातच, असें सांगून कडक कायद्यांची थट्टा केली जाते. परंतु त्या शहरानें २०१७ सालीं जप्त हत्यारांचा जो हिशेब प्रसिद्ध केला, त्यांत दहांपैकीं सहा हत्यारें बाहेरच्या संस्थानांतून आलेलीं होतीं, आणि एकट्या शेजारच्या इंडियाना संस्थानांतून आलेलीं एकपंचमांश होतीं. वरच्या शेतकऱ्यानें आपला बांध फोडला, तर खालच्याच्या शेतांत पाणी शिरतें. त्यावरून खालच्याचा बांध निरुपयोगी होता असें कोणी म्हणत नाहीं. संस्थानांस स्वातंत्र्य असावें हें आम्हांस मान्य आहे. पण एकाच्या सैलपणाचें प्रायश्चित्त दुसऱ्यानें भोगावें, हा स्वातंत्र्याचा अर्थ नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि आमच्या लोकांच्या मनास भिडणारा तोच आहे. परवाना देणें अंमलदाराच्या हातीं असलें, म्हणजे तो आपल्या जातीच्या, आपल्या वर्णाच्या माणसास देतो आणि दुसऱ्यास नाकारतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांचा इतिहास या आरोपास पुष्टि देतो. नॉर्थ कॅरोलायनांत पिस्तूलखरेदीचा परवाना देण्याचा अधिकार १९१९ पासून शेरीफकडे होता. हा कायदा वर्णभेदाच्या काळांत जन्मला आणि त्याखालीं कृष्णवर्णीयांचे अर्ज अधिक फेटाळले जातात, हें त्याविरुद्धचें एक मोठें गाऱ्हाणें होतें. शेवटीं २०२३ सालीं गव्हर्नरचा विरोध मोडून कायदेमंडळानें तो रद्द केला. आमचा १८७८ चा अनुभव याच जातीचा आहे. गोऱ्यास मोकळीक आणि काळ्यास बंदी. रानडुकरांनीं पीक खाल्लें तरी कुणब्यानें हात चोळीत बसावें, आणि साहेबानें शिकार खेळावी! राष्ट्रीय सभेनें १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध आवाज उठविला, तो योग्यच होता.

परंतु त्या आवाजाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आमच्या पूर्वजांचें मुख्य भांडण परवान्याशीं नव्हतें, पक्षपाताशीं होतें. सन १९३१ मध्यें काँग्रेसनें मूलभूत हक्कांचा ठराव तयार केला तेव्हां त्यांत शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला, पण तो नियमांच्या मर्यादेंत राहूनच. पुढें घटनासमितींत १९४८ च्या डिसेंबरांत श्री. हरि विष्णु कामत यांनीं हा हक्क राज्यघटनेंत घालण्याची उपसूचना आणली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं ती स्वीकारली नाहीं आणि समितीनेंही ती मान्य केली नाहीं. ज्यांस निःशस्त्र करण्यांत आलें होतें, त्यांचेच हे प्रतिनिधि होते. स्वतंत्र झाल्यावर त्यांनीं १८७८ चा कायदा अखेर १९५९ सालीं रद्द केला, आणि त्याच्या जागीं परवान्याचाच, परंतु वर्णभेदावांचूनचा, नवा कायदा केला. रोगी अवयव बरा करावा, कापून टाकूं नये, हा जो सुधारकांचा मार्ग तोच त्यांनीं पत्करला. नॉर्थ कॅरोलायनांत शेरीफ पक्षपात करीत होते, तर त्यांची मर्जी काढून घेऊन नियम लिहून देतां आले असते. नकाराचें कारण लेखी देण्याची आणि त्यावर न्यायालयांत जाण्याची सोय विस्तारतां आली असती. तसें न करतां तपासणीच उडवून दिली. पक्षपाती परीक्षक आढळला म्हणून परीक्षाच बंद करून सर्वांस वैद्यकीची सनद वांटून टाकण्यासारखें हें झालें.

आणि हाच भेद अमेरिकेच्या न्यायालयांनींही ओळखला आहे. न्यूयॉर्क संस्थानाच्या १९११ पासून चालत आलेल्या कायद्यान्वयें पिस्तूल घेऊन बाहेर फिरण्यास विशेष कारण दाखवावें लागे, आणि तें पुरेसें आहे कीं नाहीं हें अंमलदार ठरवी. तेथील सुप्रीम कोर्टानें जून २०२२ मध्यें ही अट राज्यघटनेविरुद्ध ठरविली. त्या निकालानें अनेक निर्बंध डळमळीत झाले हें खरें. पण ज्या परवान्यास ठराविक अटी आहेत आणि अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येकास जो दिलाच पाहिजे, अशा परवान्याचा त्या निकालानें निषेध केलेला नाहीं. मेरीलँड संस्थानाचा पिस्तूलखरेदीचा परवाना वरिष्ठ न्यायालयानें २०२४ सालीं याच आधारावर कायम ठेवला. म्हणजे हक्क आणि परवाना यांचें वैर आहे असें मानण्याचें कारण नाहीं; वैर आहे तें हक्क आणि लहरी अंमलदार यांचें.

राहिला प्रश्न असा कीं, हेलपाटा माफ झाला त्याची किंमत दिली कोणी? मिसूरींतील खुनांचा मोठा भार सेंट लुई व कॅन्सस सिटी या दोन शहरांवर, आणि त्यांतही तेथील कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्त्यांवर पडतो. म्हणजे ज्यांच्या नांवानें परवान्यास पक्षपाती म्हणावयाचें, परवाना गेल्यावर मरावयाचें तेंही त्यांनींच! या शहरांनीं स्वतःपुरते कडक नियम करावे, तर संस्थानाचा कायदा त्यांस तशी मुभा देत नाहीं. उलट, कायदेमंडळानें एकापाठोपाठ एक दोर सैलच केला. १ जानेवारी २०१७ पासून लपविलेलें पिस्तूल परवान्यावांचून बरोबर बाळगण्याची मोकळीक झाली. आणि २०२१ सालीं तर मध्यवर्ती बंदूक-कायद्यांच्या अंमलबजावणींत हातभार लावणाऱ्या पोलीसखात्यांस दंड ठोठावणारा कायदा झाला, तो पुढें मध्यवर्ती न्यायालयांनीं रद्द ठरविला. एकदां बांधाचा पहिला दगड काढला कीं पुढचे दगड आपोआप हलूं लागतात, हें यावरून दिसून येईल.

आमच्या ज्या बांधवांनीं त्या देशांत बिऱ्हाड केलें आहे, त्यांस आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, ज्या कायद्यांवर तुमच्या मुलांचा जीव अवलंबून आहे ते बहुतेक वॉशिंग्टनमध्यें होत नसून तुमच्या संस्थानाच्या राजधानींत होतात, आणि त्यांसाठीं होणाऱ्या निवडणुकींत मत देण्यास फार थोडी माणसें जातात. गणपत्युत्सवास शेंकडो मैलांवरून जमणाऱ्या मंडळींनीं त्या दिवशींही घराबाहेर पडावें. येथील वाचकांनींही स्वस्थ बसूं नये. आपल्या देशांत परवाना आहे म्हणून आपण सुरक्षित, अशी समजूत करून घेण्याचें कारण नाहीं. येथें बंदुकीनें होणाऱ्या खुनांपैकीं बहुतेक बिनपरवाना हत्यारांनीं होतात, आणि गावठी कट्टा कोठून येतो हें पोलिसांपासून पुढाऱ्यांपर्यंत पुष्कळांस ठाऊक असतें. कागदावर कुलूप आणि गल्लींत कारखाना, ही स्थिति मिसूरीहून फारशी वेगळी नाहीं.

परवान्यासाठीं शेरीफच्या दारांत उभें राहण्यास एक दुपार मोडते. ती दुपार वांचविण्याकरितां एका संस्थानानें शहाऐंशी वर्षांचा बांध फोडला, आणि त्यानंतर दर वर्षीं कित्येक घरांतून निघालेल्या प्रेतयात्रा अभ्यासकांस मोजाव्या लागल्या. कचेरीचा हेलपाटा चुकविला कीं स्मशानाचा हेलपाटा कोणास तरी पडतो. आणि तो सहसा ज्यानें कचेरीचा चुकविला त्यास पडत नाहीं, शेजाऱ्यास पडतो. लोककल्याणाचा विचार करणाऱ्या कायदेमंडळानें या दोहोंपैकीं कोणता हेलपाटा माफ करावा, याचा निर्णय करण्यास फार मोठी विद्वत्ता लागते असें आम्हांस वाटत नाहीं.